सोमवार, २१ जुलै १९६९ : प्रकल्प नोंदी

६ जून २०२४, विश्रामबाग, सांगली

नात परवा पुण्याला परत गेली. जाताना माझ्यासाठी काम ठेवून गेली. सुट्टीत मी तिला सांगितलं होतं की, माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी पाचवीत होते आणि ती तारीख होती २१ जुलै. तिनं तिचं पुस्तक आणून दाखवलं. त्यात २० जुलै छापलेलं होतं. "आजी, तुझी तारीख चुकली," म्हणाली. चुकलेली नाही एवढं मला ठाऊक होतं, पण का ते तिला पटेल असं सांगता आलं नाही. पस्तीस वर्षं बँकेत संध्याकाळचा ताळा लागल्याशिवाय खुर्ची सोडली नाही मी. हे मनाला लागून राहिलं.

तेव्हा ठरवलं, त्या दिवसांत आमच्या घरी जे ऐकलं, पाहिलं, बोललं गेलं ते सगळं गोळा करायचं, वेळांशी ताडून बघायचं आणि नातीसाठी एक वही करायची. मुदत २१ जुलैपर्यंत.

हाताशी आहे ते असं. अप्पांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, बंद पडलेला. त्याच्या लायसन्सचं पुस्तक. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात जाऊन ते नवं करून आणावं लागायचं. अप्पांची १९६९ सालची खिशातली वही, २०१९ च्या पुरात भिजलेली. दादा, आता बहात्तरचा, किर्लोस्करवाडीला असतो. आणि मिरजेची आत्या, एकोणऐंशी.

प्रत्येक आठवण तीनपैकी एका खात्यात टाकणार. पक्कं, ऐकीव आणि सस्पेन्स. बँकेत ज्या रकमेचा धनी त्या दिवशी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. ती टाकून देत नाहीत आणि उगाच कुणाच्या नावावर घालतही नाहीत.

९ जून

कुणालाही विचारायच्या आधी माझी स्वतःची आठवण लिहून ठेवते, नाहीतर दुसऱ्यांचे शब्द त्यात मिसळतील.

गावभागातलं आमचं घर. रात्र. मी झोपलेली. अप्पा मला हलवून उठवतात, हात धरून लाकडी जिन्यानं गच्चीवर नेतात. फरशी ओली आहे, पायाला गार लागते. अप्पांच्या सदऱ्याला हळदीचा वास आहे. तो कायमच असायचा, ते हळदीच्या अडत दुकानात मुनीम होते. नदीच्या अंगाला, बऱ्यापैकी खाली, ढगाच्या काठाला टेकल्यासारखा चंद्र. पुरता अर्धाही नाही. अप्पा बोट करतात आणि म्हणतात, "ते बघ, आत्ता तिथं माणसं आहेत." खालून रेडिओची खरखर येते आहे.

एवढंच. हाच तो उतरल्याचा क्षण, असं मी पंचावन्न वर्षं सांगत आले. सासरी सांगितलं, बँकेत डबा खाताना सांगितलं, लेकीला सांगितलं, नातीला सांगितलं.

खातं: पक्कं. मी स्वतः पाहिलेलं आहे.

१३ जून

आज वेळांचं काम. नातीच्या बाबांनी मोहिमेच्या जागतिक वेळा काढून दिल्या, मी प्रत्येकीत साडेपाच तास मिळवत गेले.

अपोलो ११ चं उड्डाण १६ जुलै, बुधवार, आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजून २ मिनिटं. चंद्रावर उतरले तेव्हा आपल्याकडे रविवार संपून सोमवार लागला होता, पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं. आर्मस्ट्राँगचं पाऊल जमिनीला टेकलं सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. चंद्रावरून निघाले सोमवारीच रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी. समुद्रात पडले गुरुवारी, २४ तारखेला, रात्री १० वाजून २० मिनिटांनी.

अमेरिकेत उतरण्याच्या वेळी रविवारची दुपार कलली होती आणि पाऊल ठेवलं तेव्हा रात्रीचे अकरा व्हायचे होते. दोन्ही गोष्टी त्यांच्या २० तारखेत बसतात. नातीचं पुस्तक तिथून आलं आहे. पुस्तकही बरोबर आणि मीही बरोबर.

पण आकडे एकाखाली एक मांडल्यावर एक गोष्ट दिसली आणि मी पेन खाली ठेवलं. उतरणं १:४७. निघणं २३:२४. चंद्रावरचा सगळा मुक्काम, साडेएकवीस तासांच्या वर, आपल्या एकाच तारखेत मावतो. अमेरिकेला त्यासाठी रविवार आणि सोमवार असे दोन दिवस लागले. जागतिक वेळेनंही दोन तारखा होतात. आपल्याकडे मात्र मध्यरात्र उलटल्यावर आले आणि पुढची मध्यरात्र व्हायच्या आत गेले. अप्पांच्या भाषेत, रोजकीर्दीच्या एका पानाची नोंद. वरच्या ओळीत जमा, खालच्या ओळीत नावे.

आधीच्या शनिवारी, १९ जुलैला, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. त्या आठवड्यात दुकानात सगळे त्याच्यावरच बोलत होते, चंद्रावर नाही, असं दादा मागे म्हणाला होता. त्या चौदातल्याच एका बँकेत पुढे माझा जन्म गेला.

१६ जून

दादाशी फोन, दीड तास. तो तेव्हा सतरा वर्षांचा, विलिंग्डन कॉलेजात सायन्सला. घरात इंग्रजी बातमी समजणारा तो एकटाच.

त्याचं म्हणणं, रविवारी रात्री जेवणं झाल्यावर अप्पांनी रेडिओ सोप्यातून उचलून मधल्या खोलीत आणला, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या जाळीची एरियल होती. अर्थिंगची तार तुळशीच्या मातीत खोचलेली, आणि आई तिथं मुद्दाम तांब्याभर पाणी जास्त घालायची. शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. आवाज भरतीच्या लाटेसारखा यायचा आणि ओसरायचा. दादा कान लावून ऐके आणि अर्धं वाक्य मराठीत सांगे, तोवर पुढचं निसटून जाई.

"उतरले ते कळलं कसं?" मी विचारलं.

"शब्दांवरून नाही कळलं. बोलणारा माणूस एकदम थांबला. मग परत बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. अप्पा म्हणाले, झालं वाटतं. मग मी घड्याळ बघितलं, दोनला दहा-बारा मिनिटं कमी होती."

१:४७. पंचावन्न वर्षांनंतर हे असं जुळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

मग मी विचारलं, मला गच्चीवर नेलं ते त्याआधी की नंतर? दादा जरा थांबला. म्हणाला, "तू झोपली होतीस. त्या रात्री कुणी गच्चीवर गेलंच नाही. पाऊस होता."

दादाची आठवण: पक्कं. माझी: दादाला आठवत नसेल. पुढे बघू.

२२ जून

दोन दिवस वही उघडली नव्हती. कारण लिहिते.

नातीच्या बाबांनी संगणकावर स्टेलॅरियम नावाचा कार्यक्रम टाकून दिला आहे. त्यात गाव आणि तारीख भरली की त्या वेळचं आकाश दिसतं. सांगली भरलं. २१ जुलै १९६९, पहाटे १:४७. चंद्र नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. वेळ मागे मागे नेली. रविवारी रात्री अकराच्या सुमारास चंद्र मावळताना दिसला. म्हणजे ते उतरले तेव्हा आमच्या सांगलीच्या आकाशात चंद्र नव्हताच. तो मावळून अडीच तास होऊन गेले होते.

सकाळी ८:२६ ला पाहिलं. तेव्हाही नाही. तो उगवला दुपारी बाराच्या सुमाराला.

विचार केला तर हे सरळ आहे. १४ जुलैला संध्याकाळी अमावास्या झाली होती, आषाढाचा पहिला आठवडा चालू होता. शुद्ध पक्षातला षष्ठी-सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो, हे आईला कुणी शिकवावं लागलं नसतं. पावलाच्या वेळची चित्रं ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीकच्या अँटेनानं आणि त्यानंतरची तिथल्याच पार्क्सच्या दुर्बिणीनं पकडली हे मी वाचलं होतं, पण का ते कधी मनात आलं नव्हतं. ऑस्ट्रेलिया आपल्या पूर्वेला. चंद्र तिथं नुकताच वर आला होता, आपल्याकडे यायला अजून काही तास होते.

मग मी पाहिलं ते काय? त्या रात्री चंद्र दिसूच शकत नव्हता तर अप्पांनी बोट कुठं केलं?

आई-वडील गेल्यावर त्यांच्यापाशी परत जायला अशा दोन-चारच वाटा राहतात. त्यातली एक बंद झाल्यासारखं वाटलं. पण जे आहे ते लिहायचं असं पहिल्या दिवशी ठरवलं आहे.

माझी गच्चीची आठवण पक्क्यातून काढली. सस्पेन्समध्ये टाकली.

२८ जून

रेडिओ दुरुस्तीला दिला होता तो आज आला. खणभागातले एक काका अजून व्हॉल्व्हचे सेट उघडतात. कंडेन्सर बदलले, तारेचा दोरा तुटून डायलचा काटा अडकला होता तो नवा ओवला. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट काहीच नाही, मग गुणगुण, मग हिरवा डोळा उघडला. शॉर्टवेव्हवर नुसती खरखर. माझ्या आठवणीतली खरखर तीच. लाकडी पेटीच्या कडेला हळदीकुंकवाचा डाग आहे, रेडिओ घरात आला त्या दिवशी आईनं लावलेला. काकांना सांगितलं होतं, पॉलिश करू नका.

४ जुलै, मिरज

आत्याकडे गेले. आत्या १९६९ ला चोवीस वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं, आमच्याच घरात असायची. आता तिला नीट दिसत नाही, पण बोलणं खणखणीत आहे. मी रेकॉर्डर मध्ये ठेवला आणि मुद्दाम चंद्राचं नाव काढलं नाही. नुसतं म्हटलं, अप्पा मला रात्री उठवून गच्चीवर घेऊन गेले होते असं कधी झालंय का?

"झालंय की. मीच तर म्हटलं, भाऊ, पोरीला कशाला उठवतोस, सकाळी शाळा आहे. तो ऐकतोय होय. हरिपुरासनं आला होता. हातपाय धुतले नाहीत, जेवला नाही, आधी तुला उठवलं."

"हरिपूरहून?"

"पेवावर गेला होता न्हवं का. पाणी झिरपलं म्हणून शेठजींनी धाडलं होतं. मी ताट झाकून बसले होते. आणि हा जिन्यात उभा राहून मला म्हणतो, ताई, अजून दोघं तिथंच आहेत, निघाले नाहीत अजून. पोरीला दाखवून येतो."

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा. दोन्ही वेळा तिनं "अजून" म्हटलं.

"आत्ता" नाही, "अजून". उतरतानाच्या क्षणी कुणी "अजून तिथंच आहेत" म्हणत नाही. निघायची वेळ झालेल्या माणसाबद्दल आपण असं बोलतो. म्हणजे ही आठवण रविवारच्या रात्रीची नाहीच. सोमवारच्या रात्रीची आहे. त्या पानाच्या शेवटच्या ओळीची.

येताना मिरज-सांगली रस्त्यावर रिक्षात मी सारखं पुटपुटत होते. अजून दोघं तिथंच आहेत.

पेवाबद्दल नातीसाठी लिहून ठेवायला हवं. हरिपूर सांगलीच्या नैर्ऋत्येला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या मातीत खोल, पोटात रुंद आणि तोंडाशी अरुंद असे खड्डे खणून त्यात हळद साठवायचे. तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पण त्याच कारणानं पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. तोंड मोकळं ठेवून थांबायचं, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. अप्पा हे कितीदा सांगायचे. आत्या म्हणते, त्या आठवड्यात दुकानातल्या हमालांना चंद्रावर हवा नाही म्हणजे काय, हे अप्पांनी पेवावरूनच समजावलं होतं. न उघडलेल्या पेवात उतरायचं, आणि आपली हवा आपल्या पाठीवर बांधून न्यायची.

ही गोष्ट मी याआधी कधी ऐकली नव्हती. खातं: ऐकीव. पण मला ती फार मोलाची वाटते.

सस्पेन्सची नोंद अजून काढलेली नाही. एकीच्या शब्दावर नोंद बदलत नाहीत.

९ जुलै

वही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या घराचा तळमजला पाण्यात होता. अप्पांच्या वह्यांची ट्रंक खाली राहिली होती. पाणी उतरल्यावर आम्ही एकेक वही सावलीत वाळवली, पानांत टिपकागद घातले. शाईनं लिहिलेलं बहुतेक धुऊन गेलं. निळे ढग राहिले. मी त्यानंतर ती ट्रंक उघडली नव्हती, उघडवत नव्हती.

आज उघडली. १९६९ ची वही हाताच्या पंज्याएवढी आहे. दुकानात बसून लिहायचे तेव्हा शाईचं पेन, पण पेवावर, बाजारात, एसटीत ते पेन्सिल वापरायचे. पेन्सिलीला पाण्यानं काही होत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं आणि पाच वर्षं मी त्या वहीला गेलेली समजत होते.

जुलैची पानं एकमेकांना चिकटली आहेत. चाकूची बोथट बाजू आणि खूप वेळ. १७ तारखेचं सुटलं, नुसता निळा डाग. १८ चं अर्धं फाटलं आणि मी काम थांबवून चहा करून घेतला. १९ आणि २० एकमेकांना अशी बसली आहेत की हात लावला नाही. २१ चं पान मात्र सुटं होतं.

पेन्सिल. अप्पांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर:

"सोम. २१. दुपारपासून उघडीप. हरिपूर. पेव उघडलं, ४ तास थांबलो. माल ठीक. रात्रौ १०॥ घरी."

दहावर दोन दंड म्हणजे साडेदहा, मुनिमांची जुनी पद्धत. चंद्राचा शब्द नाही. तसा असायचं कारणही नाही, ती कामाची वही आहे. पण मला हवं होतं ते सगळं त्या तीन ओळींत आहे. दुपारपासून उघडीप, म्हणजे रात्री ढग फाटलेले असू शकतात. हरिपूर, म्हणजे आत्याचं बरोबर. साडेदहा, म्हणजे ते दोघं चंद्रावरून निघायला अजून चोपन्न मिनिटं होती.

आणि मी झोपेतून उठलेली होते. म्हणूनच इतकी वर्षं घोटाळा झाला. घरात सगळे म्हणायचे, उतरले त्या रात्री जागलो होतो. मलाही रात्रीचं उठवलेलं आठवत होतं. दोन रात्री मी एकीवर एक ठेवून दिल्या.

१२ जुलै, गावभाग

स्टेलॅरियमवर शोधलं तर यंदा आजच्या रात्रीचा चंद्र त्या रात्रीच्या चंद्राशी जवळजवळ जुळतो. तिथीही आषाढ शुद्धातलीच, साडेदहाला उंचीही तीच, क्षितिजापासून पंधराएक अंश. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ साधारण दहा अंश. म्हणजे दीड मूठ.

जुन्या घरात आता भाडेकरू आहेत. आधी फोन केला होता. त्यांच्या घरातली दोन्ही मुलं उत्सुकतेनं वर आली. जिना तोच, लाकडी, मधली पायरी अजून वाजते. नऊ वाजल्यापासून ढग. दहा वाजताही ढग. त्या घरच्या वहिनींनी खुर्ची आणून दिली, मी बसले नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी पश्चिम-नैर्ऋत्येकडे ढगाला फट पडली.

एका बाजूला आता तीन मजली इमारत आहे, पण तिच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मधून दिसला. हरिपुराच्या दिशेला, दीड मुठीवर, ढगाच्या काठाला टेकलेला. अर्ध्याला जरा कमी. मी ९ जूनला लिहिलं होतं तसाच. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मुलांना म्हटलं, पंचावन्न वर्षांपूर्वी मी इथंच उभी होते आणि तिथं दोन माणसं होती. धाकटा म्हणाला, "आणि तिसरा?" मला बरं वाटलं. कॉलिन्स वर यानात एकटा चंद्राभोवती फिरत होता, तो बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

फरशी कोरडी होती. तेवढाच फरक.

१७ जुलै

आषाढी एकादशी. १९६९ लाही एकादशी त्या सोमवारनंतर चार-पाच दिवसांवर होती. दादा सांगतो, पाऊल ठेवलं तेव्हा आई चुलीशी भाकऱ्या थापत होती. सकाळी आवाज रात्रीइतका स्पष्ट येत नव्हता. दादा ओरडला, "उतरला, उतरला, खाली उतरला." आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "तिथं पाणी आहे का?"

दादा म्हणाला, नाही, थेंबभर नाही. आई म्हणाली, "मग राहणार कसं कुणी?" आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

हे मी पूर्वी हसण्यावारी सांगत असे. आता तसं सांगणार नाही. आईचं माहेर दुष्काळी जत तालुक्यातलं. पाण्याचा प्रश्न तिच्या दृष्टीनं पहिला होता, आणि तो बरोबर होता.

पुढच्या मोहिमा आम्ही ऐकल्या, पण कमी कमी होत गेल्या. अपोलो १२ आपल्याकडे भर दुपारी उतरलं, अप्पा दुकानात होते. अपोलो १३ चे ते दिवस मात्र सगळी गल्ली आमच्या सोप्यात होती. उतरणं झालंच नाही त्या वेळी लोकांनी सर्वात जास्त कान दिला. आत्यानं गणपतीला नारळ बोलला होता, ती माणसं सुखरूप परतल्यावर जाऊन वाढवला. हे पक्कं, मी बरोबर होते.

शेवटचं, अपोलो १७, आपल्या हिशेबानं १२ डिसेंबर १९७२ ला मध्यरात्रीनंतर उतरलं. त्या रात्रीचं आमच्या घरात कुणालाच काही आठवत नाही. दादाला विचारलं, आत्याला विचारलं. आठवतो तो दुष्काळ. मामाची बैलजोडी गेली होती. मामी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, मामेभावंडं आमच्याकडे राहायला आली होती. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी धड थापता यायची नाही, आई पीठ गरम पाण्यात उकडून घ्यायची. त्याच देशाची दोन माणसं त्या वेळी चंद्रावर तीन दिवस राहून गेली आणि आमच्या घरात रेडिओही लावला गेला नाही. मला याचं वाईट वाटत नाही. आई त्या दिवसांत रोज दहा माणसांच्या भाकऱ्या करत होती. पण नातीच्या वहीत हे पान असायलाच हवं. १९६९ चं पान लिहायचं आणि हे सोडायचं, असं चालणार नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर २००९ साली आलं. आपल्या चांद्रयान १ वरच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश असल्याचं दाखवलं. आई तोवर गेली होती. गेल्या वर्षी २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान ३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा नात माझ्या शेजारी होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला तव्यावर टाकलेल्या भाकरीचा आवाज ऐकू येत होता.

२१ जुलै

वही पूर्ण. बेचाळीस पानं. झेरॉक्सवाल्याकडून चार प्रती काढल्या. आत्याची प्रत मोठ्या अक्षरात, सूनबाई वाचून दाखवणार आहे.

गच्चीची नोंद सस्पेन्समधून काढली. आता ती अशी आहे: "सोमवार, दि. २१ जुलै १९६९, रात्री १०:३० नंतर. स्थळ गावभागातली गच्ची. अप्पांनी चंद्र दाखवला. त्या वेळी आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन चंद्रावर होते. आधार: स्वतःची आठवण, आत्याचं कथन, अप्पांची वही." अप्पांच्या तोंडचं वाक्य मी बदललं आहे. "आत्ता" खोडून "अजून" केलं, आणि खोडलेलं वाचता येईल असं ठेवलं, बँकेत ठेवायचो तसं. बाजूला सही.

१९ आणि २० ची चिकटलेली पानं उघडलेली नाहीत. दादा म्हणतो मुंबईला कागद जतन करणारी माणसं आहेत, त्यांना दाखवू. वही तांदळाच्या पिठाच्या कोरड्या डब्यात मलमलीत गुंडाळून ठेवली आहे.

संध्याकाळी नातीला फोन केला. तारखेचं समजावलं, साडेपाच तासांचं समजावलं. तिला पटलं. मग तिनं विचारलं, "पणजोबा जेवले का त्या रात्री?"

मिरजेला फोन लावून विचारलं. आत्या म्हणाली, "जेवला की. साडेअकराला. रेडिओवर निघाले म्हणून सांगितलं, मग ताटावर बसला."